म्हातारीची एकतीस वर्षं

३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी खुशाल. तुमचे गुडघे काय म्हणतात? आई म्हणते, जिने कमी चढा आणि फुशारक्या त्याहून कमी मारा!

तुमचं ते लाकडी लढाऊ जहाज, तुमची ‘म्हातारी’, पुढच्या महिन्यात मोडीत निघतंय. तिच्या एकतीस वर्षांच्या चाकरीचा इतिहास लिहायचं काम आमच्या आरमार कचेरीने माझ्याच गळ्यात मारलंय. काका, तुमच्या लढायांच्या गोष्टींचं बिंग फुटलं हो! आधी सैनिकांची ने-आण, मग गस्त, मग तापाच्या रोग्यांचं इस्पितळ आणि शेवटी शिडं उतरवून कैदखाना. तोफा उडाल्या त्या फक्त सलामीला.

म्हणूनच विचारते. बाबा लढाईत पडले, असं तुम्ही आईला सांगितलंत. त्या महिन्यात तर वारा पडला होता आणि जहाज भर समुद्रात अडकलं होतं. त्या दिवसांची रोजनिशी पुढच्या आठवड्यात माझ्या हाती येईल. त्याआधी तुम्हीच सांगा.

लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची,
खारूताई

९ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

लढाई झाली नाही. पिण्याचं पाणी संपत आलं होतं. मी तापाने फणफणलो होतो. दादाने माझ्यासाठी पेलाभर पाणी चोरलं आणि सापडला. मी उभा राहण्याजोगा झाल्यावर कप्तानाने त्याला डोलकाठीला बांधलं आणि चाबूक माझ्या हातात दिला. म्हणाला, पाणी तू प्यायलास, फटकेही तूच मार. तीस. नाही म्हटलं असतं तर दोघेही गेलो असतो. मी हात हलका ठेवला गं पोरी, देवाशपथ. तिसऱ्या दिवशी तो गेला.

वहिनीला सांगू नकोस, तिला सोसायचं नाही. इतिहासातही नको. तुला लहानाची मोठी करताना मी कधी कसूर केली नाही, तेवढं आठव.

जीव लावतेस, तसाच लावत राहा.

तुझा,
काका

१६ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

रोजनिशी वाचली. विसाव्या फटक्याला बाबांची शुद्ध हरपली. वैद्याने हात जोडले. थांबायचं की नाही, ते कप्तानाने मारणाऱ्यावर सोपवलं. मारणाऱ्याने तीस पुरे केले. त्याच पानावर खाली तुम्हाला बढती देऊन खलाशांचा तांडेल केल्याची नोंद आहे.

इतिहासात मी हे सगळं जसंच्या तसं उतरवलंय. तुमचं पत्र आणि ते पान, दोन्ही आईला वाचून दाखवलं. ती रडली नाही. तिने तुम्हाला रविवारी घरी बोलावलंय. म्हणाली, त्यांना म्हणावं, माझ्यासमोर बसा आणि एकविसापासून तिसापर्यंत मोठ्याने मोजा.

लोभाचं त्यानंतर पाहू.

खारूताई