खव्याची भट्टी सुनेच्या नावे

मी मथुराबाई कोंडिबा हुंबे, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे व भट्टीचा हिशेब ठेवणे, राहणार भूम, आई भवानीला स्मरून लिहिते. बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे.

१. माझ्या मागे दहाव्या-तेराव्याला मंडप घालू नये. नेसायला पेटीतलं हिरवं लुगडं आहे, नवं आणू नये.

२. खव्याची भट्टी, जागा, परवाना व बॉयलर माझ्या नावे आहेत. हे सर्व सून क्षमा हिला. मुलगा अमृत रागावेल, म्हणून कारण लिहिते.

आमच्यात भट्टीच्या गादीवर बसण्याआधी मुलाला वर्षभर कढईकडे पाठ करून बसवतात. दूध सळसळतं, मग खदखदतं, मग थपथप वाजतं. न बघता "उतरवा" म्हणायचं. सासऱ्यांनी आमच्या मालकांना तसंच शिकवलं. अमृत बाराव्या दिवशी रडला, पाठीवर शिंतोडा उडाला होता. मीच त्याला उठवलं. मालक एवढंच म्हणाले, "उठवलंस? आता त्याला भट्टी ऐकू यायची न्हाय." ती चूक माझी. क्षमा मात्र भांडी घासता घासता शिकली. "आत्या, उतरवा, करपंल," असं पाठमोरी सांगायची.

३. अमृतनं वाफेचा बॉयलर आणला. वाफ जास्त झाली की व्हॉल्व्ह उघडून शिटी वाजते. वाफ वाया जाते म्हणून त्यानं तो तारेनं आवळला. मी तार तीनदा कापली. चौथ्यांदा त्यानं बॉयलरच्या खोलीला कुलूप घातलं.

"आई, बघ आता कसा गप हाय!"

"म्हणूनच भ्या वाटतंय, बाळा."

"वाजला तरी भ्या, गप बसला तरी भ्या! जा, देवीला नारळ फोड."

नारळ फोडला. बॉयलर तपासणीच्या सरकारी साहेबांना पत्रही टाकलं, उत्तर नाही.

४. हा कागद मी गेल्यावरच चालतो, असं वकील म्हणाले. तोवर मालकीण मीच. सोमवारी घटस्थापना. त्या दिवसापासून क्षमाला व भट्टीवर कामाला येणाऱ्या चारही बायांना भरपगारी सुट्टी दिली आहे. अमृत म्हणतो, "सणाची ऑर्डर हाय, मी एकटा चालवतो." मी त्याला सांगितलं, एकटा नाही, मी पाट टाकून तुझ्याशेजारी बसणार. तो हसला.

५. राहतं घर अमृतला. तो माझ्याबरोबरच गेला, तर तेही क्षमाला.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. सही केली.
मथुराबाई कोंडिबा हुंबे
भूम, जि. धाराशिव. शनिवार, २० सप्टेंबर २०२५

आमच्या समोर सही झाली:
१. महांतप्पा, दूध घालणारे (सही)
२. गोरोबा, भट्टीवरचे जुने कारागीर (अंगठा)