आपल्याकडे बर्फ पडतोय

माझ्या लांबच्या लेका,

हे तुझ्या बाबांपासून चोरून लिहितेय. तू तिकडचं नागरिकत्व घेतलंस तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलंय. देश सोडणारा माझा कोण, म्हणतात. देशावर त्यांचा केवढा जीव, ते तुला ठाऊकच आहे. पण संध्याकाळच्या बातम्या संपल्या तरी टीव्ही बंद करू देत नाहीत. परदेशातलं हवामान दाखवेपर्यंत हलत नाहीत.

इथे उकाड्यानं जीव नकोसा झालाय. आज हे दाढीला गेले, तर न्हावी म्हणाला, "काका, उकाडा कधी कमी होणार हो?"

हे साबणाच्या तोंडानं म्हणाले, "उकाडा कुठला? आपल्याकडे सकाळपासून बर्फ पडतोय."

सगळं दुकान हसलं म्हणे. घरी येऊन मला सांगताना स्वतःही हसले.

आत्ता माझ्याजवळ येऊन उभे आहेत, हातात फोन आहे. "त्याचा नंबर लावून दे. जाड कोट घेतलाय का, तेवढं विचारतो. तिकडे उजाडलं असेल का गं?"

"नसलं तरी उठेल तो," म्हटलं.

आता हे पत्र टाकत नाही. तुला त्यांच्याच तोंडून कळू दे.

नंबर लावणारी,
तुझी आई