यांच्या मनगटावरची उत्तर दिशा

आदरणीय वन्सं,

उमसुनायचा सलाम. तुमचे गुडघे आता कसे आहेत? बिश्केकच्या उकाड्यात तुम्हाला झोप लागत नाही असं कळलं. आम्ही इकडे अजून रजया बाहेरच ठेवल्या आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. बटाटे बरे आहेत. तुमचे बंधूही सुखरूप आहेत. (हे मुद्दाम आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही छातीवर हात ठेवून बसणार नाही.)

चौतीस वर्षं भूगोल शिकवून हे गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि खिडकीपाशी बसले. मी सकाळी दवाखान्यात जाताना जसे बसलेले असायचे, तसेच संध्याकाळी सापडायचे. चहासुद्धा तसाच, वर साय धरलेला. वसंतात आपल्या मेदेरने कोरियाहून बापासाठी ते स्मार्ट घड्याळ पाठवलं. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं. त्याचं यांना काही नाही. पण त्यात होकायंत्र आहे म्हटल्यावर माणूस खुर्चीतून उठला. (शाळेत यांच्याकडे एकच होकायंत्र होतं, त्याचा काटा अडकलेला. वर्गाला उत्तर दाखवायची तर टेबल फिरवावं लागे.) आठवडाभर आमच्या घरात चहा पूर्वेला होता, मीठ नैऋत्येला होतं आणि मी सतत मध्ये येत होते. घड्याळातली भाषा कोरियनच राहिली होती, ती बदलायची कशी ते यांनी विचारलं नाही. दिशेला भाषा नसते म्हणाले.

आता मूळ गोष्ट. खालच्या गावात गोवर आला. वर सारी-बुलाकच्या कुरणावर उन्हाळ्यासाठी गेलेल्या घरांतली चौदा मुलं लशीवाचून राहिली होती. मी बर्फाची पेटी भरली, त्यात दोन कुप्या ठेवल्या, एकेकीत दहा डोस. नेमका नेहमीचा वाटाड्या मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. हे म्हणाले, मी नेतो. मी यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि घोड्यांवर खोगीर चढवलं.

खिंड ओलांडेपर्यंत सगळं छान होतं. पलीकडे उतरलो आणि धुकं आलं. धुकं म्हणजे किती, तर मला माझ्या घोडीचे कान दिसत होते, त्यापुढची घोडी केवळ विश्वासावर. यांना मात्र आनंद झाला. घड्याळाचा हात पुढे धरून हे निघाले. दर थोड्या वेळाने घड्याळ थरथरायचं, त्यावर कोरियनमध्ये काहीतरी लाल अक्षरं यायची, आणि हे मान डोलावून बोट टेकवायचे. काय म्हणतंय, विचारलं तर म्हणाले, शाबासकी देत असावं. मधूनच हात हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायचे (त्याने काटा ताळ्यावर येतो म्हणे). दुसऱ्या आठला यांचा घोडा बुजला आणि हे जुनिपरच्या झुडपात बसले. लागलं नाही. त्याही अवस्थेत हात वर होता.

दोन तासांनी वाटेत ताजी लीद दिसली. हे म्हणाले, आलो, वस्ती जवळ आहे. पुढे अर्ध्या तासाने पुन्हा लीद, आणि तिच्या शेजारी माझा हातमोजा. तो मी पहिल्या लिदीपाशी हरवला होता, वन्सं. मी पेटीचं झाकण किंचित उघडून बर्फ पाहिला आणि पहिल्यांदा घाबरले.

आम्हाला वाचवलं ते धुराने. शेणीच्या धुराचा वास आला, तिकडे घोडे आपणच वळले, आणि एक एकटाच तंबू लागला. आत तुर्सुनाय नावाची म्हातारी लोकर थापून केलेल्या नमद्याचा गालिचा शिवत बसलेली. मुलगा-सून मेंढ्यांमागे गेलेले. तिने आधी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा हातात दिला, मग तुम्ही कोण म्हणून विचारलं. हे घोट घेऊन पुढे वाकले, तसा म्हातारीच्या हातातला दाभण सुटला, टुणकन उडाला आणि यांच्या मनगटाला जाऊन चिकटला. म्हातारीने देवाचं नाव घेतलं. मी यांची बाही वर सारली. घड्याळाला खेटून तुमचं ते चुंबकाचं कडं, रक्तदाबासाठी तुम्ही प्रेमाने दिलेलं. खिंड चढताना डाव्या हाताने लगाम धरायचा म्हणून यांनी सकाळीच ते त्या हातातून काढून घड्याळाच्या उजव्या हातात घातलं होतं. (त्या कड्यात काही दम नाही असं परिचारिका म्हणून मी सहा वर्षं सांगत आले. माझे शब्द मी मागे घेते.) म्हणजे सकाळपासून आमची उत्तर दिशा यांच्याच मनगटावर होती आणि आम्ही तिच्याभोवती फिरत होतो.

मी खूप काही बोलणार होते. पण तेवढ्यात पडद्यामागून दोन डोकी बाहेर आली. चार वर्षांच्या जुळ्या नाती. म्हातारीला विचारलं, तर हे कुटुंब याच वसंतात डोंगरापलीकडून आलेलं, मुलींचं नाव कुठल्याच दवाखान्याच्या यादीत नाही, लस एकही टोचलेली नाही. आणि बाप तर परवाच खालच्या गावात मीठ आणायला गेला होता.

आता माझी अडचण पाहा. गोवराची कुपी एकदा उघडली की सहा तासांत संपवावी लागते. दोघींसाठी उघडली तर उरलेले आठ डोस सारी-बुलाकला वेळेत पोचायला हवेत, नाहीतर फुकट, आणि मग तिकडे चौदा मुलं असताना माझ्याकडे उरणार दहा डोसांची एकच कुपी. बाहेर धुकं तसंच. म्हातारी सांगत होती की सारी-बुलाक सरळ उगवतीला, दोन ओढे ओलांडून, पण तिला यायला जमणार नव्हतं. मी कुपी हातात घेऊन बसून राहिले. यांनी मनगटावरचं कडं काढलं, दाभणासकट म्हातारीच्या पेटाऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "उघड. पुढचं माझ्यावर सोड."

लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत असा आवाज मी दोनदाच ऐकला असेल. मी उघडली.

मुली रडल्या, म्हातारीही थोडी रडली, आणि आम्ही निघालो. या वेळी हे घोड्यावर बसलेच नाहीत. लगाम धरून पायी, घड्याळाकडे एक नजर, मग जमिनीकडे, गवताकडे, पुन्हा घड्याळाकडे. पहिला ओढा लागला. दुसरा लागेना, मला रडू येत होतं, मी ते धुक्यावर ढकललं. मग दुसराही लागला. आणि त्यानंतर कुत्री भुंकली. कुपी उघडल्याला चार तास झाले होते. चौदाही मुलं रजयांच्या ढिगांतून उपसून काढली, एकाने मला चावाही घेतला, पण सगळी टोचून झाली.

नंतर मुलांनी घड्याळासाठी यांना गराडा घातला. यांनी बाही खाली ओढली आणि म्हणाले, घड्याळ नंतर, आधी त्याच्याशिवाय दिशा ओळखता यायला हवी. तंबूंची दारं कुठे उघडतात, दगडाच्या कुठल्या अंगाला शेवाळ आहे, इथला वारा कुठून येतो, असा तासभर वर्ग चालला. सुजलेले दंड चोळत चौदाही मुलं बसली होती. आता आयांनी यांना दर गुरुवारी बोलावलंय. काल घोड्याचा नाल स्वतः पाहून आले. गरम चहा पितात.

तुमच्या गुडघ्यांना जपा. मोठ्यांना सलाम, धाकट्यांना पापे.

तुमची,
उमसुनाय

ता. क. : कडं तुर्सुनायकडेच राहिलं. नमद्यात हरवलेल्या सुया तिला त्याने सापडतात. यांचा रक्तदाब मी मोजला, चांगला आहे. राग मानू नका.

ता. क. २ : वन्सं, शरदात घराला कुलूप लावून तुमच्याकडे राहायला येतो असं मी कळवलं होतं, आणि तुम्ही आमच्यासाठी मागची खोली रिकामी करून रंगवलीत. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका. यांना मी सांगेन, तुम्ही काही बोलू नका.

ता. क. ३ : आणखी एक, हे फक्त तुमच्यापाशी. पहिल्या ओढ्यावर यांनी पाणी प्यायला हात पुढे केला तेव्हा मी पाहिलं. घड्याळाची बॅटरी संपली होती. तोंड काळं ठिक्कर. तिथून सारी-बुलाकपर्यंत दर शंभर पावलांना हे त्या काळ्या काचेत गंभीरपणे बघत होते आणि मला म्हणत होते, घाबरू नकोस, घड्याळ बरोबर दाखवतंय. मीही हो म्हणत होते. अशा माणसाला शहरातल्या खोलीत आणून बसवू कुठे, तुम्हीच सांगा.