नव्वद मीटर, पेटीसकट

वन्संना वहिनीचा वाकून नमस्कार (गुडघा वाकतो तेवढाच). बाळंतीण कशी आहे, बाळ झोपू देतं का, आणि जावईबापू आपला कप आपण धुवायला लागले का, ते कळवा. तुमच्या मांडीवर बाळ असतं म्हणून पत्र तेच मोठ्यानं वाचून दाखवतात हे ठाऊक आहे मला. तेव्हा जावईबापू, तुम्हालाही नमस्कार, आणि कपाची ओळ गाळू नका. इकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ ठीक, त्यांचा खोकला त्यांच्याहून ठीक. भाऊजींना (तुमच्या मालकांना हो) रोज दुपारी डबा देते, तो रिकामा परत येतो. तुम्ही नाही म्हणून ते वाळलेबिळले नाहीत. पण दवाखान्यात एक प्रकार झाला, तो माझ्याच तोंडून कळलेला बरा म्हणून लिहायला बसले.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. वॉर्डातल्या पेशंटांच्या रक्ताच्या नळ्या थंड पेटीत घालायच्या आणि लांब व्हरांड्यातून पलीकडच्या टोकाला तपासणीघरात पोचवायच्या. सोळा वर्षं झाली, एक नळी फुटली नाही. आता कामाचा वेग वाढवायला म्हणून एक नवे साहेब आलेत. गळ्यात एक घड्याळ, मनगटावर एक, खिशात तिसरं, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेबच म्हणतात. त्यांनी काय केलं, वॉर्डातून पेटी निघाल्याची वेळ बघितली, तपासणीघराच्या वहीतली पोचल्याची वेळ बघितली, आणि वजाबाकी केली. अकरा मिनिटं आली. झालं, सगळा दोष माझ्या पायांचा. आम्हा पेटीवाल्यांना त्यांनी उभं केलं (खुर्च्या होत्या, तरी उभं) आणि माणूस जास्तीत जास्त किती जोरात पळू शकतो यावर तासभर ऐकवलं.

म्हणे पाय जमिनीला जितका कमी वेळ टेकेल तितका वेग जास्त. मी म्हटलं, साहेब, माझे सकाळपासून जमिनीवरच आहेत, कचेरीतल्यांचे बघा, टेबलावरून खालीच येत नाहीत, ते किती पळत असतील! त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणे, पळणारा माणूस एकेका पावलाला आपल्या वजनाच्या चारपाचपट जोर जमिनीवर देतो. वन्सं, माझं वजन तुम्हाला माहीत आहे. मी चौपट जोरानं पाय आपटला तर खालच्या धुलाईघराचं छत कोसळेल, आणि कामात कमी पडलेल्यांना शिक्षेला तिथेच पाठवतात, मग मला पाठवायला जागाच उरायची नाही. शेवटी म्हणाले, माणूस जीव तोडून पळाला तरी साध्या मांजरीच्याही मागेच राहतो. मग पेटी मांजरीच्या गळ्यात बांधा की! सोळा वर्षं आम्हाला कशाला दमवलंत?

हिशोब त्यांनी असा मांडला. जगातला सगळ्यात जोरात पळणारा माणूस शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत पळतो. आमचा व्हरांडा नव्वद मीटर. आम्ही पडलो साधी माणसं, म्हणून चौपट सवलत. म्हणजे चाळीस सेकंद! परीक्षा घेणार, आणि ज्याला जमणार नाही तो तळघरातल्या धुलाईघरात. धुलाईघर म्हणजे वाफ, सोडा, ओल्या चादरींचे ढीग आणि खिडकी एकही नाही. माझा गुडघा तिथे पावसाळ्यापर्यंतही टिकायचा नाही, आणि गुडघा गेला की नोकरी गेली. मी विचारलं, तो जगातला पहिला माणूस पेटी घेऊन पळतो का? त्याला समोरून स्ट्रेचर आडवं येतं का? फरशी नुकतीच पुसलेली असते का? अर्ध्या वाटेत त्याला कोणी विचारतं का, बाई, संडास कुठे आहे? साहेब म्हणाले, मुद्द्यावर बोला. आता याहून मुद्द्याचं काय बोलायचं?

आता खरं सांगते (जावईबापू, हे तुमच्या सासऱ्यांबद्दल आहे, तरी वाचा). चालायला मला दोन मिनिटं लागतात. उरलेली नऊ मिनिटं पेटी तपासणीघरात, वही लिहिणाऱ्या भाऊजींच्या टेबलावर बसून असते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण एकेक मोती ओवायला वेळ लागतो. आधी पट्टी ठेवून रेघ मारणार. मग पेशंटचं नाव, बापाचं नाव, आडनाव, कुठेही काना-मात्रा चुकवायची नाही. आणि सगळं झाल्यावर, शेवटच्या रकान्यात, घड्याळ बघून पोचल्याची वेळ! हे मी साहेबांना सांगितलं असतं तर मी वाचले असते. पण नणंदेच्या नवऱ्याला धुलाईघरात ढकलून स्वतः वर कसं राहायचं? ओठ दातांत धरून गप्प बसले. (मी, गप्प. तुमच्या भावाला खरं वाटेना, त्यांनी ताप आहे का बघितलं.)

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी एक पदकवाला धावपटू आणला, आम्हाला लाज वाटावी म्हणून. बगळ्यासारखे पाय. साहेब वॉर्डाच्या टोकाला उभे. पलीकडचं टोक वळणामुळे दिसत नाही, तिथली वेळ वहीतून घ्यायची, कारण लेखी असेल तेच खरं, असा त्यांचा नियम. दहाच्या ठोक्याला गडी सुटला. बाण! वळणाआड बादली उडाल्याचा आवाज आला, मग सगळं शांत. वहीत वेळ आली दहा वाजून नऊ मिनिटं. तो बिचारा परत येऊन शपथा घेतोय, साहेब, मी तेव्हाच पोचलो! साहेब म्हणाले, लेखी काय आहे? रडकुंडीला आला हो. साहेबांनी शांतपणे कागदावर लिहिलं, या इमारतीत मानवी वेगाची मर्यादा नऊ मिनिटं.

साडेदहाला माझी पाळी. मी रोजच्यासारखी चालत गेले, एकीला संडास दाखवला, पेटी ठेवली, भाऊजींच्या हातातलं पेन हिसकावलं आणि त्यांच्या वहीत माझ्या वाकड्या आकड्यांत वेळ लिहिली. दहा बत्तीस.

वन्सं, साहेब हादरलेच. पदकवाल्याला नऊ मिनिटं आणि या बाईला दोन! त्यांनी टेप आणून माझ्या पोटऱ्या मोजल्या, मी काय खाते ते विचारलं, चपला उलट्या करून बघितल्या. टाच झिजलेली आहे, म्हणाले, गुपित इथेच आहे. चाळीस सेकंदांचा नियम गेला, दोन मिनिटांचा आला, माझं धुलाईघर टळलं. आता सगळ्या पेटीवाल्यांनी टाचा झिजलेल्या चपला घालून यायचं असा आदेश भिंतीवर लागलाय, आणि लोक नव्या चपला दगडावर घासत बसलेत.

बाळाला आशीर्वाद, लेकीला विश्रांती घेऊ द्या.

तुमची वहिनी

ता. क. जावईबापू, तुमचं वाचन इथे संपलं. सोबत चिकटवलेला कागद न उघडता सासूबाईंच्या हातात द्या.

ता. क. दुसरा. वन्सं, एकट्यानं वाचा. अक्षराच्या कौतुकाचं वर लिहिलं ते जावयासमोर अब्रू राहावी म्हणून. भाऊजींना दिसत नाही. नळीवरची चिठ्ठी नाकाला लावून वाचतात, आणि कोणाचं रक्त कोणाच्या नावावर जाऊ नये म्हणून तीनतीनदा वाचतात. एक चूक नाही आजवर, हे कबूल. नऊ मिनिटं त्यातच जातात. पेनही मी हिसकावलं नव्हतं. त्यांनीच पुढे केलं. हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लिहा, आज मला दोन घड्याळं दिसतायत." त्या दिवसापासून ते नावं लिहितात, वेळ मी लिहिते. पण हे किती दिवस चालणार? मी खूप बोलले. ते म्हणतात, तपासायला गेलो तर कागदावर येईल, कागदावर आलं की धुलाईघर. वर मलाच समजावतात, "जाईन की, तिथे चादरींवर नावं नसतात." मला राग आला, नंतर रडू आलं, मग परत राग आला. मोतीबिंदूच असेल. काढतात हल्ली, माणूस आठवड्यात परत कामाला लागतो. तेवढे दिवस वही मी सांभाळीन, अक्षराला कोणी हसलं तर हसू दे. पण माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. बाळाला जावयाच्या मांडीवर द्या आणि निघून या. डोळ्यांचा विभाग त्यांच्या टेबलापासून चाळीस पावलांवर आहे, मी मोजलीत. नजर जायला लागून दीड वर्ष झालं, अजून ते तिथे पोचले नाहीत.