हाताने बसलेला सांधा

मंगळवार, ३ मार्च
पाइप आले! चौकोनी, अ‍ॅल्युमिनियमचे, मापात कापून. ह्यांच्या पलंगावर चौकट उभी करायची — वरचा दांडा डाव्या हाताने धरून ह्यांना आपलं आपण उठता यावं. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली. चार महिने मीच उठवतेय. आता माझी कंबर बोलायला लागली आहे. घरात कुणीतरी बोलायला हवंच!
दोन पाइप कमी पडले, ते दुसऱ्या दुकानातून आणले. दिसायला अगदी तसेच.

बुधवार, ४ मार्च
कोपऱ्यांना काळे प्लास्टिकचे कनेक्टर. त्यांचे पाय पाइपच्या तोंडात घालायचे आणि रबरी हातोडीने ठोकायचे. जन्मभर फिटर असलेला माणूस पडून बघतोय आणि ठोकतेय मी! बाकी सांध्यांनी घाम काढला. खिडकीकडचे दोन मात्र नुसत्या हाताने आत गेले. सुटले बाई!
हे एकटक त्याच कोपऱ्याकडे बघत होते. मला ते बघणं आवडलं नाही.

गुरुवार, ५ मार्च
खिडकीकडचा कोपरा किंचित हलतो. दुकानदाराला फोन केला. "काकू, त्या दुसऱ्या पाइपांचं बाहेरून माप तेच, पण पत्रा पातळ, म्हणून आतून सैल असणार. टेप गुंडाळा, चालतंय."
गुंडाळली. आता गच्च.
हे हाताखालच्यांना सांगायचे, "हाताने बसलेला सांधा हातानेच निघतो." आठवलं खरं. पण टेप लावलीय ना!

शुक्रवार, ६ मार्च
ह्यांनी दांड्याला अजून हात लावला नाही. नुसता पाइपांवर चमचा वाजवतात. चहा दिला. पुन्हा टण टण — आणि खिडकीकडच्या पाइपवर नुसतं टक्. पुन्हा चहा दिला. कप ढकलून दिला! चादर भिजली. मी नाही नाही ते बोलले. बोलायला नको होतं.

शनिवार, ७ मार्च
लेकीचा फोन. "उद्या दुपारी येतो गं. चिमणीला सांगितलंय, आजीने आजोबांच्या पलंगावर झोका केलाय." नात सात वर्षांची, लोंबकळल्याशिवाय राहायची नाही. फोन स्पीकरवर होता, ह्यांनीही ऐकलं.
तेव्हापासून चमचा थांबेना. डोकं उठलं. शेवटी हातातून काढून घेतला आणि कपाटात टाकला. आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

रविवार, ८ मार्च
सकाळी चहा टाकत होते, तेवढ्यात धाडकन आवाज आला. खिडकीकडच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून हे स्वतःच लोंबकळले होते. चौकट अंगावर. टेपसकट सांधा बाहेर. चालता हात मनगटात मोडला.
चिमणी यायच्या आत पाडून मोकळे झाले. दोन दिवस चमच्याने सांगत होते, आणि मी चहा देत राहिले.