रणगाड्याच्या कुशीतली फट

सातारा

तीर्थस्वरूप नानासो दाजींना,
सयाजीचा साष्टांग नमस्कार. अक्काचे गुडघे आता कसे आहेत? रंगाच्या वासानं तुमचा खोकला वाढलाय असं ऐकलं. गाड्या रंगवायच्या तुमच्या कारखान्यात तोंडाला फडकं बांधत जा. इकडं सगळे खुशाल आहेत. मी सोडून.

मी प्लॅस्टिकचा रणगाडा करायला घेतलाय हे अक्कानं सांगितलं असेलच (तिला आमच्या सौ. संयोगितानं सांगितलं असणार, आणि "खूळ घेतलंय" या शब्दांत). पण हे खूळ नव्हे, दाजी. औंधचा गुंडा तुम्हाला आठवत असेल, पलटणीत आमच्या रणगाड्याचा ड्रायव्हर. साखरेच्या आजारानं त्याची नजर पार गेली. मागं त्याचा फोन आला, "सयाजी, डोळ्यांचं जाऊ दे रं, पण आपली गाडी एकदा हाताला लागली पायजे." आता खरा रणगाडा मी कुठनं आणू? म्हणून टीपॉयवर मावेल असा मागवला. सुटे भाग येतात, ते चिकटवायचे. चिकटवले. आणि डाव्या कुशीत, वरचा आणि खालचा भाग मिळतात तिथं, नख जाईल एवढी फट राहिली. डोळस माणसाला लांबून दाखवून भागलं असतं. गुंडा बोटांनी बघणार.

म्हणून पुट्टी. घर रंगवताना उरलेली भिंतीची पुट्टी होती, ती भरली. पॉलिश पेपरनं इतकी सुरेख घासली गेली की मी कौतुकानं संयोगिताला हाक मारली. ती वाकून बघतेय तोवर सगळी पट्टी अखंड निघाली आणि चहाच्या कपात पडली (कप तिचा). मग नळाच्या गळतीला लावतात ती, दोन गोळ्या मळून करायची, आणली. ती बसली ती बसलीच. दिवसभर घासलं, पुट्टी जागची हलली नाही, आजूबाजूचे रिव्हेट मात्र घासून सपाट झाले. शेवटी सुरीनं उकरून काढली, तर फट आधीपेक्षा रुंद. तिसरी गॅरेजवाल्याकडची, मोटारीच्या पोचांवर लावतात ती. त्यानं बजावलं होतं की ती घट्ट करणारा हार्डनर वाटाण्याएवढाच घाला. मी म्हटलं, जास्त घातला तर काम पक्कं होईल. काम कालवायला घेतलेल्या झाकणातच पक्कं झालं, संयोगिताच्या उलथन्यासकट. वास असा की शेजारच्या लीलाबाई "आवं, गॅस बंद करा" म्हणत धावत आल्या. चौथी धाकट्या सुनेनं पुण्याहून पाठवली, खास असल्याच कामाची, नळीतली, लोण्यासारखी घासली जाणारी. ती पाण्यात विरघळते हे नळीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. मी ती वाळायची वाट न बघता ओला वॉटर पेपर घेऊन बसलो. सगळी पुट्टी पांढरं पाणी होऊन माझ्या लेंग्यावर उतरली.

दाजी, मी हरलो. वाळवंटात रणगाड्याचं इंजिन उतरवलेला माणूस मी, आणि एका फटीपुढं रडकुंडीला आलोय. संयोगिता बोलत नाही. बोलली तर उलथन्याविषयी. गुंडाला रोज फोनवर थाप मारतो की रंग वाळतोय. तुमच्याकडं रंगाच्या आधी शेवटचा हात मारतात ती मऊ, घासायला हलकी पुट्टी डबीभर पाठवा. हार्डनर किती घालायचा तेही लिहा, मोठ्या अक्षरात.

आपला हताश मेहुणा,
सयाजी

ता. क. पत्र टाकायच्या आतच गुंडा येऊन टपकला. साताऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं आला होता, बायको रंगूबाई त्याचा हात धरून थेट इथंच घेऊन आली. रणगाडा लपवायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं तो मांडीवर घेतला, तोफेपासून बोटं फिरवत डाव्या कुशीवर आला आणि फटीत नख घालून थांबला. मी मनात सबब जुळवायला लागलो. तर म्हणतो कसा, "आरं गड्या, खडकाला घासून हितनंच पत्रा फाटला हुता की! तुझ्या अजून ध्यानात हाय व्हय?" आणि रडायलाच लागला. माझ्या काही म्हणजे काही ध्यानात नव्हतं. मी "व्हय" म्हणालो. चहा घेऊन आलेल्या संयोगितानं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडं बघून नुसतं "चहा घ्या" म्हणाली. तेव्हा पुट्टी पाठवू नका.

आणखी ता. क. पाठवा. जाताना दारात गुंडा म्हणाला, "ही झाली फाटल्यानंतरची. आता फाटायच्या आधीची एक कर." संयोगिताला अजून सांगितलेलं नाही. पुडक्यावर हळद असं लिहू नका, ती लगेच उघडेल. पेन्शनचे कागद असं लिहा.