टोपी विसरणारा गोरा

माझं गाऱ्हाणं आधी ऐका, नमस्कार मागाहून. तुम्ही आईला सांगितलं नाहीत. तुम्ही तिला हसता, असं समजूनच ती गेली. आगबोटीवर जन्म घालवलात, साहेबांशी इंग्लिश फाडलंत, पण घरच्या बाईला त्यातलं एक वाक्य आपल्या भाषेत सांगायला तुमची जीभ झिजली असती. आता नमस्कार, बाबा.

बोट कायमची सोडून मिठबावला आलात तेव्हा टीव्ही आणलात, व्हिडिओ आणलात आणि बोटीवरच्या कुणा गोऱ्यानं भरून दिलेल्या कॅसेटी. सगळ्या एकाच विनोदी मालिकेच्या, विलायतेतल्या. वाडीतली माणसं कौतुकानं आली आणि मारामारी नाही, गाणं नाही म्हणून उठून गेली. उरलो तुम्ही, आई आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेली मी. दर भागात तेच. समुद्राकाठचं चहाचं दुकान, गिऱ्हाईक औषधाला नाही. मालक बायकोशी भांडतो, बॅग उचलतो, कायमचा जातो. दार आपटतं. जरा वेळानं उघडतं, कारण टोपी विसरलेली असते. मग ती न दिसणारी माणसं हसतात, आणि त्यांच्या आधी तुम्ही. खुर्ची हलायची. एरवी तुमचं हसू मी कधी पाहिलं? वर्षाकाठी यायचात, पेटी उघडायचात, साबण वाटायचात आणि पेटी परत भरायचात. मला शाळेतून काढायचं तेही बोटीवरून दोन ओळींत कळवलंत.

आई हसायची नाही. बाहेर पडलेला माणूस काही विसरून मागे फिरला तर तसाच जात नाही, बसतो, घोटभर पाणी पितो, मग निघतो; हा नेम तिनं टीव्हीतल्या गोऱ्यालाही लावला. दार उघडलं की तांदूळ निवडता निवडता ती त्याला सांगायची, "बस रे वायच. पाणी पी, मगे जा." त्यावर तुम्ही दुप्पट हसायचात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एका दुपारी तिनं सूप खाली ठेवलं, मागच्या पडवीत आली नि मला म्हणाली, "तुजो बापूस माका हसता गो. बोटीर मडमा बघल्यान, आता मी येडी दिसतंय त्येका." त्यानंतर ती त्या खोलीत बसली नाही. तुम्ही तेच बघत राहिलात, पण हसणं पहिल्यासारखं राहिलं नाही. ते मी पाहत होते. का, ते विचारायची आपल्या घरात रीत नव्हती.

आता तुमची पणती तेच बघते, फोनवर. माझी नात. नर्स झाली आहे आणि त्याच देशातल्या इस्पितळात चालली आहे. मी म्हटलं, जग कुठल्या कुठे गेलं, तू ही मढी काय उकरतेस? तर म्हणाली, तिकडची माणसं अजून बघतात, तिच्याबरोबरच्या पोरीही बघतात, आणि ती हसणारी माणसं तेव्हा खरीच समोर बसलेली होती, आता बहुतेक सगळी मेली असतील. हे ती शेंगदाणे खात सांगते.

परवा दुपारी ती न्हाणीत गेली आणि फोन पलंगावर चालूच. मी कपडे ठेवायला जाते, तर रिकाम्या खोलीत माणसं हसतायत. मेलेल्यांचं हसणं, आपल्या घरात, तुमच्या खुर्चीच्या जागी. आणि त्यांच्या किंचित आधी आणखी एक हसणं. मी दाराला धरून उभी राहिले. न्हाणीतून नातच हसत होती, दार कधी उघडतं ते तिला पाठ आहे. पण हसणं तुमचं होतं. मी भुतांना भीत नाही, जित्यांनीच माझं पुरं केलंय. तरी वाटलं, ही पण चालली. तिकडच्यांबरोबर हसेल आणि इकडच्यांना हसेल.

ती बाहेर आली तसं विचारलं, "टोपी न्हेऊक इल्यार ती बाई काय म्हणता गो त्येका?"

केस पुसत म्हणाली, "म्हणता, बस, चाय अजून गरम आसा."

"दर खेपेक?"

"दर खेपेक. तेच्यासाठीच तर बघतत, आजये. तो जातलो, परत येतलो, आणि ती ह्याच म्हणतली."

मी पलंगावरच बसले. इकडे आई, तिकडे ती मडम, एकाच वेळी तेच सांगत होत्या आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारे तुम्ही एकटे. म्हणून दुप्पट. मग सांगायचं होतंत ना. की डोळ्यांतलं ते पाणी हसण्याचं नव्हतंच? तुम्ही पेटी घेऊन निघालात की आई पायरीवर तांब्या धरून उभी राहायची, वळणापलीकडे तुम्ही दिसेनासे झालात तरी. मला लहानपणी वाटायचं, तिला तहान लागलीय. तुम्ही कधी काही विसरलाच नाहीत.

नात सोमवारी निघते. देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते घरच्या पुरुषानं, पण माझा मुलगा तुमच्यावर गेलाय, तोंड उघडत नाही. तेव्हा मीच घालणार. हा कागद मी कुठे टाकणार नाही. तुमच्याकडे टपाल जात नाही, आणि नातीच्या हाती लागला तर सगळं फुकट. कारण तिची छत्री मी तांदळाच्या पिंपामागे ठेवली आहे. तिकडे बारमाही पाऊस, अंगणाच्या गडग्यापर्यंत गेली की आठवेल. तांब्या भरून ठेवणार आहे. चहा पण.

गाऱ्हाण्याला मागून "व्हय म्हाराजा" म्हणणारी माणसं लागतात. त्या हसणाऱ्या गोऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. तुम्ही आधी आईला गाठा आणि मडम काय म्हणत होती ते सांगा. मग "व्हय म्हाराजा" तिनं म्हणायचं. तुम्ही तिच्या मागून. तिच्या आधी नाही.